शेवटच्या अंकातली किल्ली

सोलापुरातली ती फुटकी मडकी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. इंग्रजी अमदानी होती आणि मी नवा फौजदार होतो. एका सकाळी कापडाचे एक प्रतिष्ठित व्यापारी ठाण्यावर आले. वाड्यातल्या भाडेकरूने आपल्या स्वयंपाकघरात शिरून नासधूस केली आणि चांदीची वाटी नेली, अशी त्यांची फिर्याद होती. भाडेकरू गिरणी कामगार होता. मी त्याला आणून बसवले.

त्याला सगळे गाव ओळखत होते. कामगारांच्या एका नाटकात तो नायक होता. जातीमुळे दारोदार खोली नाकारली जाणाऱ्या माणसाचे ते काम. शेवटच्या अंकात एक घरमालक विरघळतो आणि त्याच्या हाती किल्ली देतो. याच व्यापाऱ्यांनी रडत रडत रंगमंचावर चढून त्याला हार घातला होता.

दुपारी खबऱ्याने कानावर घातले, "साहेब, नाटकात दावत्यात तीच त्याची खरी जात हाय. काल त्याच्या गाववाल्यानं मालकाला सांगितलं."

मी पंचनाम्याला गेलो. मातीची एकूणएक मडकी फुटली होती. तांब्याचे हंडे मात्र जागच्या जागी, नुकतेच विस्तवातून काढल्यासारखे काळवंडलेले. चोर तांबे सोडून मडकी फोडत बसत नाही. विटाळ झाला की मात्र आपल्याकडे मडके फोडतात आणि तांबे विस्तवातून काढून घेतात. हे कळायला पोलिसात असावे लागत नाही.

मालकांना समोर बसवले. "हंडे विस्तवावर कुणी धरले?"

त्यांनी खांद्यावरचे उपरणे सावरले. मग म्हणाले, "आमीच. त्याची बायको आमच्यात पानी भरायची, साहेब. पोरीचं लगीन ठरतंय."

"मग सरळ खोली सोड म्हणायचं. चोरीचा आळ कशाला?"

"चारचौघांत हार घातलाय की त्येला. लोक काय म्हनतील?"

वाटी त्यांच्याच कपाटात निघाली.

मला भयंकर संताप आला. खोट्या फिर्यादीबद्दल खटला भरावा म्हणून मी वर लिहिले. समज देऊन सोडा, असा हुकूम आला. भाडेकरू सुटला, पण तोवर खोलीला मालकांचे कुलूप लागले होते. त्याची बायको बोचके घेऊन ठाण्याबाहेर बसली होती.

"जात का लपवलीस?" मी त्याला विचारले.

"सांगितली असती तर खोली दिली असती का कुनी?"

"आता कुठे जाणार?"

"बघू की, साहेब. शनवारी किल्ली मिळतीयाच, शेवटच्या अंकात." तो हसला नाही.

शनिवारी बंदोबस्ताला मीच होतो. मालक पुढच्या रांगेत बसले होते. किल्ली दिली गेली तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. खेळ संपला आणि किल्ली सामानाच्या पेटीत परत गेली.

पुढच्या सगळ्या नोकरीत डोळ्यांतले पाणी मी पुरावा म्हणून कधी धरले नाही.