होल्डरमधली तार

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही; आता ती नाही. घरात त्या अपघाताचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. माझ्यामागे सगळ्यांना चुकीचीच हकीकत ठाऊक राहील, या भीतीने आता लिहायला बसलो आहे.

नाशिकला मी शाळेत विज्ञान शिकवायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याकडे साडेतीनशे सीसीची एक जुनी मोटारसायकल होती, माझ्याआधी दोन मालक झालेली. तिचा फ्यूज काचेच्या नळीतला, दोन पितळी चिमट्यांत बसणारा. चिमटे काळे पडून ढिले झाले होते आणि फ्यूज सारखा उडायचा. मग आम्ही सगळे करायचो तेच मी करायचो. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्या नळीभोवती गुंडाळायचा. याला 'चांदी लावणं' म्हणत. मी सिगारेट ओढत नव्हतो, पण पानवाल्याकडून रिकामी पाकिटं मागून आणून खिशात ठेवायचो.

द्वारका चौकाजवळ ज्याचं गॅरेज होतं तो मिस्त्री मूळचा सटाण्याकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, कामात गढला की अहिराणीत शिरायचा. त्याने ती चांदी चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरली.

"सर, वर्गात हेच शिकवता का? फ्यूज उडाला की पाकीट फाडा?"

"गाडी बंद पडली की माझा पहिला तास बुडतो, मिस्त्री."

"फ्यूज मरतो म्हणून गाडी जगते. तुम्ही मेलेल्याला परत कामाला लावता."

त्याने जुने चिमटे काढूनच टाकले. नव्या मोटारींत येतो तसा चपट्या पायांच्या फ्यूजचा होल्डर बसवला, जाड वायरी झाळून घेतल्या, वर घट्ट रबरी टोपण. निळा फ्यूज आत दाबला आणि दोन जादा फ्यूज माझ्या हातात ठेवले. "आता यात तुमची चांदी बसायची नाही. बघा प्रयत्न करून," म्हणाला आणि हसला.

तीन आठवड्यांनी तो फ्यूज उडाला. मग जादाचे दोन्ही गेले. मिस्त्री म्हणाला, "वायर कुठेतरी घासते आहे. टाकी उतरवून बघावं लागेल. दोन दिवस गाडी सोडून जा." दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मी केंद्रावर होतो. त्याने दिलेला आणखी एक फ्यूज घालून मी आज-उद्या करत राहिलो. एका सकाळी गाडी रस्त्यातच थांबली. पेपर वाटायला अर्धा तास उरलेला. डिकीत विजेच्या वायरचा एक तुकडा पडला होता. मी दातांनी त्याचं प्लास्टिक सोललं, तांब्याच्या तारा पिळल्या, केसांच्या आकड्यासारख्या वाकवून त्या दोन खाचांत दाबल्या आणि टोपण लावलं. एका किकमध्ये गाडी चालू झाली. मला तेव्हा आनंद झाला होता. चांदी नाही तर नाही, असं मनात म्हणालो.

चार दिवसांनी धाकटा मेहुणा आला. त्याला चांदवडला मित्राच्या हळदीला जायचं होतं.

"दाजी, गाडी देता का? संध्याकाळच्या आत आणतो."

किल्ली देताना ती तार मला आठवली. आठवली नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण आठवली होती. सांगितलं असतं तर तो चेष्टा करणार, सायन्सचे मास्तर आणि असला उद्योग. म्हणून मी एवढंच म्हणालो, "हळू जा."

दुपारी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. चांदवडच्या अलीकडे चालत्या गाडीने पेट घेतला होता. लोकांनी त्याच्यावर माती टाकून आग विझवली होती आणि त्याला जीपमध्ये घालून नाशिकला आणत होते. तो जिवंत आहे का, हे निरोप देणाऱ्याला माहीत नव्हतं. मी हाताला लागल्या त्या चपला घालून दवाखान्याकडे धावलो.

दवाखान्यात तो कण्हताना ऐकू आला तेव्हा कळलं, जिवंत आहे. उजवा हात आणि मांडी भाजली होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, इथे आम्ही आहोत. तुम्ही गाडीचं बघा." दुसरं कुणी आधी तिथे पोचेल, या भीतीने मी लगेच निघालो.

हायवेच्या कडेला गाडी आडवी पडली होती, शेजारी कांद्याचं शेत. टाकीखालच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, पेट्रोलची नळी जळून गेली होती. बाजूच्या डब्यातला होल्डर मात्र बराचसा शाबूत होता. मी टोपण ओढलं. तार आतच होती, काळी पडलेली. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक आपल्याकडे बघायला थांबतो आहे असं मला वाटत होतं. पकडीने तार उपसली आणि कांद्यात भिरकावली. नंतर हात मातीने घासून घासून पुसले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गाडी दारात आली. सासरे होते, दोन चुलतसासरे होते. त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो उकिडवा बसला, जळलेल्या वायरींवरून बोट फिरवत होल्डरपर्यंत आला, टोपण काढलं आणि तसाच थांबला.

"फ्यूज कोठे शे?" तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

"तेच आम्ही विचारतोय," एक चुलतसासरे म्हणाले. "बसवलाच नव्हता ना तू?"

"फ्यूज नसता तर गाडी चालूच झाली नसती, काका. आणि उडालेला फ्यूज जागेवरच राहतो. तो उठून चालायला लागत नाही."

"पोरगं जळालं आणि तू चालण्याच्या गोष्टी करतो?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं आहे, हे मला कळलं. आता तो बोलणार, आता बोलणार, एवढंच डोक्यात होतं. तो बोलला नाही. मी बोलावं म्हणून तो थांबला होता, असं मला आज वाटतं.

सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही सायन्सचे मास्तर. तुम्ही सांगा कसं झालं."

मी म्हणालो, "होल्डर नवीन होता. जुना होता तोवर असं कधी झालं नव्हतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. मिस्त्री उठला, हात पुसले आणि निघून गेला.

मेहुणा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. सासऱ्यांनी ओळखीपाळखीत सगळीकडे मिस्त्रीचीच चूक सांगितली आणि गल्लीत मिस्त्रीला 'आगवाला' म्हणायला लागले. त्याच्या गॅरेजपुढच्या गाड्या कमी होत गेल्या. वर्षभरात त्याने ते बंद केलं आणि मालेगावला गेला. मी शाळेत फ्यूजचा धडा भरभर उरकायचो, फळ्याकडे तोंड करून.

दहा-बारा वर्षांनी एका लग्नाला मालेगावला गेलो असताना पत्ता काढून त्याच्याकडे गेलो. छोटंसं दुकान होतं. केस पिकले होते. त्याने लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. त्याने काही विचारलं नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली. तोंड उघडलं तर तो आरडाओरडा करेल, माणसं जमतील, लग्नघरी कळेल, बायकोला कळेल.

"काही काम होतं का, सर?" शेवटी त्यानेच विचारलं.

"नाही, सहज. इकडे आलो होतो."

"बसा मग," तो म्हणाला आणि समोर उघडलेल्या इंजिनाकडे वळला. मी चहा संपवला आणि उठलो.

मागच्या महिन्यात मेहुण्याला सगळं खरं सांगितलं. तो आपली वाकडी बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्रीला सांगितलं का, दाजी?" मी मालेगावला फोन लावून चौकशी केली. मिस्त्री वारून चार वर्षं झाली होती.

त्या स्टुलावर बसून मला एवढंच म्हणायचं होतं: मिस्त्री, तुमचं काम चोख होतं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार मी घातली, ती काढून मीच फेकली, आणि सगळ्यांसमोर दोष तुमच्यावर ढकलला. मला माफ करा.