मनगटाचं माप

लोह्याच्या बाजारात तो लोहार बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. निजामाच्या त्या शेवटच्या दिवसांत अनोळखी माणसाला कुणी नाव विचारत नसे. लोखंडाची पट्टी तो ऐरणीच्या खाचेत अडकवायचा आणि हातोडी न मारता, दोन्ही हातांनी बोटबोट सरकवत तिची कडी वाकवायचा. ठोकाठोकीत रस्त्यावरची चाहूल लागत नाही, म्हणायचा.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी मोटेची कडी न्यायला गेलो होतो. तेवढ्यात निजामाचे दोन बंदूकवाले आले. गावातली माणसं धरून न्यायची होती, त्यांच्या हातात घालायला वीस कड्या हव्या होत्या. मापासाठी एकानं माझंच मनगट पुढं ओढलं.

लोहार मान खाली घालूनच म्हणाला, "मास्तरांचा हात काडीवानी हाय, सरकार. माझ्या हाताचं माप घेतो."

पट्ट्या वाकवून वाकवून जाड झालेल्या स्वतःच्या मनगटाला त्यानं सुतळी गुंडाळून दाखवली. ते हो म्हणून निघून गेले.

पहिली कडी तयार होताच त्यानं ती माझ्या हातात घालून टोकं मिळवली.

"अंगठा आत मिटा," तो हळूच म्हणाला.

मी अंगठा मिटला, आणि हात अलगद बाहेर आला.

"त्यांच्या ध्यानात आलं तर?" मी विचारलं.

त्यानं दुसरी पट्टी खाचेत अडकवली.

"मंग माझ्या हातात घालतील. मला बरुबर बसंल."