हाराऐवजी पुस्तक
झेंडूच्या हाराचा वास आला की लातूरचा तो तापलेला मंडप आठवतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पुन्हा दगा दिला होता. माझी पहिली कादंबरी मी शाळेतल्या गुरुजींनाच अर्पण केली होती. "प्रतींचा गठ्ठा घेऊन ये, कार्यक्रम ठेवलाय," असा त्यांचा निरोप आला. नेमकं त्याच दिवशी लेकीचं बारसं होतं. बायको म्हणाली, "घरचं मी बघते. तुम्ही तिथं चांगलं बोला." मी मुखेडहून एसटीनं निघालो. मंडपात जिल्ह्याच्या नव्या कलेक्टरसाहेबांचं स्वागत चाललं होतं. दुष्काळात हारतुरे नकोत असं ठरल्यामुळं प्रत्येक पाहुण्याच्या हातात माझी कादंबरी दिली जात होती. माझं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी मीच विचारलं, "गुरुजी, मी कधी बोलायचं?" "तू? आरं, आज साहेबांचा कार्यक्रम हाय. तुझ्या पुस्तकानं हाराची अडचण लई झ्याक भागवली बघ!" ते मनापासून हसले. अर्पणाचं पान त्यांनी उघडलंही नव्हतं. दिवेलागणीला घरी पोचलो तेव्हा बायका घुगऱ्या घेऊन परतत होत्या. "काय म्हणाले गुरुजी?" बायकोनं उत्सुकतेनं विचारलं. मी पाळण्यातली लेक उचलली आणि तिचं नाव काय ठेवलं ते विचारलं. आता कुणी हार घालायला आलं की मी तो हातातच घेतो. लेकीला तो माझा विनय वाटतो, आणि मी तिला तसं वाटू देतो.