ओल किती वाजता गेली?

माझ्या हवामान केंद्राला पहिल्याच दिवशी नापास केलं ते आमच्या शेजारच्या अक्कांनी. साठी ओलांडलेल्या, आमच्या घरामागे स्वतःचं भात करणाऱ्या. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. मी सरकारी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे नापास करण्याचं काम आपलं आहे अशी माझी समजूत होती.

आमचं गाव पापनाशमच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. टीव्हीवर ‘तंजावूर जिल्ह्यात जोरदार पाऊस’ असं सांगायचे आणि आमच्या दारातली कोलमची रांगोळीसुद्धा पुसलेली नसायची. कधी याच्या उलट व्हायचं. सरासरी शिकवायला मुलांना आपल्याच गावचे आकडे द्यावेत, म्हणून मी ते यंत्र मागवलं. पांढरी पेटी, वाऱ्यावर फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट, पाऊस मोजणारा डबा, आणि आकडे दाखवणारा, घरात ठेवायचा एक छोटा पडदा. सगळं गच्चीवर बसवलं. शिवाय अंगणात साधं पर्जन्यमापकही ठेवलं, कारण यंत्राच्या डब्यात दोन आठवड्यांतच मुंग्यांनी घर केलं आणि भर पावसात ते शून्य दाखवू लागलं. रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद. चुकवायची नाही.

अक्का गच्चीवर आल्या, पेटीभोवती एक फेरी मारली आणि चप्पल काढून सिमेंटवर पाय टेकवून पाहिला.

“टीचरम्मा, हे तुम्ही चुलीवर ठेवलंय.”

“उंचावर हवं ना, अक्का. वारा लागायला.”

“वारा मोजा की इथे. पण ऊन किती हे विचाराल, तर ते गच्चीचं सांगेल. गच्चीवर कोण पिकवतंय?”

मला राग आला. तो घालवायचा म्हणून मी साधा तापमापक घेऊन शेताच्या कडेला, सावलीत, गवताच्या जरा वर टांगला. दुपारी दोन्हींत चार अंशांचा फरक होता. आमच्या यजमानांनी पाना आणला. वाऱ्याच्या वाट्या वर राहिल्या, बाकीची पेटी खाली आली, अक्कांच्या बांधाजवळ.

तेव्हापासून त्या रोज सकाळी शेतावर जाताना कुंपणापाशी थांबू लागल्या. आमचं बोलणं तमिळमध्ये व्हायचं. आम्ही तंजावूरचे मराठी, घरात मराठी बोलतो, पण तीही तमिळच्याच चालीवर. मी त्यांना कालचं कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

“ओल किती वाजता गेली?”

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. मी सकाळची आर्द्रता लिहायची. डिसेंबर-जानेवारीच्या मार्गळी महिन्यात ती रोज सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तेच तेच आकडे पाहून यंत्र बिघडलं असंही मला वाटलं होतं. अक्कांना आकडा नको होता, वेळ हवी होती. पानावरचं दंव केव्हा सुकतं, त्यावर त्यांचा दिवस बसायचा. विळा केव्हा घ्यायचा, औषध केव्हा फवारायचं, भात केव्हा पसरायचं, झाकण केव्हा काढायचं. यंत्र तासातासाचं साठवत होतं, मी पाहत नव्हते एवढंच. मी वहीत एक रकाना वाढवला. त्यात लिहू लागले: साडेनऊ, पावणेदहा, साडेनऊ. वर्गात मुलांना मी नेहमी सांगते की आधी प्रश्न काय आहे ते वाचा. मी स्वतः इतके दिवस उत्तरं लिहीत बसले होते.

अक्कांच्या शेताचा एक तुकडा मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळा. त्यात जुन्या जातीचं सांबा भात, छातीएवढं उंच, लालसर दाण्याचं. त्यांच्या सासूकडून आलेलं. आता आसपास त्याचं बी कुणी राखत नाही. ज्यांना हवं असतं ते अक्कांकडून मापटंभर बी नेतात आणि पुढल्या वर्षी तेवढंच परत आणतात. त्या वर्षी पेरणीनंतर पाणी साचून पाच घरांची रोपं कुजली. अक्कांनी त्यांना मडक्यात राखून ठेवलेलं बी काढून दिलं. त्यांनी दुसऱ्यांदा पेरलं, तेही नंतरच्या पाण्यात गेलं. म्हणजे त्या जातीचं जे काही उरलं होतं, ते अक्कांच्या तुकड्यात उभं होतं. मडकं रिकामं होतं. हे मला संक्रांतीला थै महिना लागल्यावर कळलं, तेही त्या कापणीच्या गोष्टी करत होत्या म्हणून.

थै महिन्यातल्या त्या शनिवारी भात पिकून वाकलं होतं. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होत होतं. माझा फोन बुधवारी पाऊस म्हणत होता. उंच भात पावसात आडवं पडतं, ओल्या मातीला टेकलेल्या लोंबीला उभ्या शेतातच मोड येतात, आणि मोड आलेलं बी पुन्हा पेरता येत नाही. कापणीचं यंत्र पलीकडच्या शेतात चालू होतं. चालक बांधावर येऊन म्हणाला, “अर्ध्या तासाचं काम आहे, अक्का. आत्ता घालू का?”

“नको.”

मी कुंपणाशीच होते. “अहो अक्का, नको काय? मजूर मिळत नाहीत म्हणून तुम्हीच सांगत होता.”

“त्या यंत्राच्या पोटात बघा कधी. सकाळपासून चार शेतांचं भात खाल्लंय त्यानं. माझ्या बियात दुसऱ्यांचे दाणे टाकून देईल. खायचं असेल तर चालतं, टीचरम्मा. पेरायला चालत नाही.”

“पण सगळंच गेलं तर मिसळण्यापुरतंही उरणार नाही.”

त्यांनी त्यावर वाद घातला नाही. म्हणाल्या, “वही आणा.”

मी वही आणली. मागच्या पाच दिवसांत ओल किती वाजता गेली ते त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं: साडेनऊ, पावणेदहा, सव्वादहा, पावणेअकरा, अकरा.

“आणि सकाळचा वारा?”

रोज सकाळी आमच्याकडे वारा वायव्येचा असतो, दुपारनंतर समुद्राकडून वळतो. वहीत तीन दिवस सकाळीही पूर्वच होती. ती माझ्याच हातानं लिहिलेली होती. एकाखाली एक वाचताना मला पहिल्यांदा दिसली.

“ओल रोज उशिरा जातेय, सकाळीच समुद्राचा वारा. बुधवार कुठला,” अक्का म्हणाल्या. “उद्याचा रविवार आहे आपल्या हातात. सोमवारचा अर्धा मिळाला तर मिळाला.”

“हे तुम्हाला नक्की माहीत आहे?”

“नक्की मला काय माहीत? मी काय देऊळ आहे कौल द्यायला? बुधवार धरून बसले आणि सोमवारी आला तर काय, एवढं बघते. बी गेलं तर परत कुठून आणू?”

मग त्यांनी जे ठरवलं ते मला सुचलं नसतं. माझ्या डोक्यात सगळं शेत किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय होते. त्या म्हणाल्या, शेत राहू दे. बियाण्यापुरता मधला पट्टा फक्त हातानं कापू. बी तसंही मधूनच घ्यायचं असतं, कडेच्या भातात शेजारचं मिसळलेलं असतं. पाच माणसं पुरतील. एक त्या स्वतः, आणि दोन बाया त्यांनी जमवल्या होत्या.

“उरलेली दोन?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या आमच्या यजमानांकडे.

“सार बँकेतून निवृत्त झालेत ना? मोकळेच असतात.”

रविवारी आम्ही नऊ वाजताच तयार होऊन गेलो. अक्कांनी आम्हाला बांधावर बसवून ठेवलं. ओलं कापून पेंढी बांधली की आत गरम होतं आणि बी मरतं. अकराला पाच मिनिटं असताना मी सोबत आणलेल्या पडद्यावरचा आकडा उतरू लागला. त्याच वेळी अक्कांनी एक पान तळहातावर चोळलं आणि विळा उचलला. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी त्या दिवसापासून यंत्राला मान देते, पण कुणाच्या खालोखाल ते मला ठाऊक आहे.

विळा धरणं सोपं दिसतं. पहिल्या दहा मिनिटांत माझी करंगळी कापली, चिंधी बांधली, पुढे चालू. अक्का आमच्या पुढे पाच हात, कंबरेत वाकलेल्या, आणि पाठीला डोळे असल्यासारख्या बोलत होत्या.

“सार, हिरवं राहू द्या. पिवळं घ्या.”

“पिवळंच घेतोय.”

“ते पिवळं नाही. बँकेत अशाच नोटा तपासत होता?”

दोघी बाया हसून हसून बांधावर बसल्या. यजमान घामाघूम, पण थांबले नाहीत. तीन वाजेपर्यंत पट्टा कापून झाला. मळणीलाही यंत्र लावायचं नव्हतं, म्हणून दगडावर पेंढ्या झोडल्या. अंधार पडायच्या आत भात अक्कांच्या पडवीत होतं.

सोमवारी मला शाळा होती. अक्कांनी सकाळी भात पाखडलं आणि ओल गेल्यावर नारळाच्या सावलीत चटयांवर पातळ पसरलं. बियाला कडक ऊन चालत नाही. दीडला यजमानांचा फोन आला.

“ऐक, तुझ्या त्या अक्कांनी हॉलमधलं सगळं फर्निचर बाहेर काढलंय.”

“का?”

“बी आत आणायचं म्हणतात. त्यांच्या घरी एकच पंखा आहे. माझी आरामखुर्ची पण बाहेर ठेवली गं.”

“तुम्ही काय करताय?”

“चटई उचलतोय, दुसरं काय!”

सव्वादोनला पाऊस सुरू झाला. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी पर्जन्यमापक वाचलं: चौसष्ट मिलिमीटर. उभं राहिलेलं सांबा पार झोपलं होतं. अक्का बांधावर आल्या, पाहिलं, “किती?” म्हणून विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पाणी बाहेर काढायला फावडं घेऊन आत उतरल्या. त्या भातातलं थोडं पुढे खायला झालं, बरंचसं गुरांना गेलं. त्याबद्दल त्यांनी माझ्यासमोर एकदाही हळहळ केली नाही.

चार दिवस आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली भात होतं आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं जेवत होतो. पडदा मी भातापाशी नेऊन ठेवला. वीज गेली की आर्द्रता चढायची, मग अक्का खिडक्या लावून घ्यायच्या, बाहेर कोरडं झालं की उघडायच्या. दिवसातून तीनदा येऊन एक दाणा दाताखाली फोडायच्या. “अजून मऊ.” “अजून.” चौथ्या दिवशी कट्ट असा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत आला. भात मडक्यात गेलं, वर कडुनिंबाची पानं, तोंडाला शेणमातीचं लिंपण.

तरी ते बी जिवंत आहे की नाही, हे कळायला थांबावं लागलं. ताजं बी झोपलेलं असतं, लगेच उठवायला गेलं तर उठत नाही, असं अक्कांचं म्हणणं. मार्च-एप्रिलच्या पंगुनी महिन्यात त्यांनी मडक्याचं लिंपण फोडलं आणि आमच्या व्हरांड्यात बसून दहा-दहा दाण्यांच्या दहा रांगा ओल्या गोणपाटावर मांडल्या. गोणपाट गुंडाळलं. ते चार दिवस त्या वाऱ्याबद्दल, ओलीबद्दल काहीच विचारत नव्हत्या. मीही सांगत नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी गुंडाळी उलगडली. पांढरे मोड सरळ उठले होते. मोजायचं काम मला दिलं. मी दोनदा मोजलं.

“ब्याण्णव.”

“आठ कुठे गेले?”

“अक्का, शंभरात ब्याण्णव म्हणजे उत्तम आहे.”

त्यांनी न उगवलेले आठ वेचून घेतले आणि एकेक नखानं दाबून पाहिला. मग व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या यजमानांकडे मान वळवली.

“सार, हे हिरवट होते. तुम्ही कापलेले.”

“माझ्याच नावावर का? टीचरनंही कापलंय.”

“टीचरम्मांनी कापलंच किती? आठ दाणे बिघडायला तेवढं काम तरी व्हायला हवं.”

मी करंगळीवरचा व्रण दाखवला. त्याचा काही परिणाम झाला नाही. अक्कांनी गोणपाट झटकलं, मोड आलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकले, पदर खोचला आणि बी गेलेल्या त्या पाच घरी निरोप द्यायला निघाल्या: उद्या या, पिशवी कोरडी आणा.