साहेब मेलबर्नचा, घर घाटकोपरचं

परदेशी कंपनीचं काम घरात बसून करणाऱ्यांकडे किस्से धुण्यासारखे साठतात. एक दिवस हात लावला नाही की दुसऱ्या दिवशी ढीग! बरं, ऑफिसात फजिती झाली तर ती ऑफिसातच राहते. आमची मात्र एकाच वेळी दोन देशांत होते, तिकडे साहेबासमोर आणि इकडे घरच्यांसमोर. त्यामुळे लाजही डबल.

आम्ही तिघं. मी मुलुंडची, माझी कंपनी आयर्लंडची. मनाली बोरिवलीची, तिची हॉलंडची. आणि निलेश, म्हणजे आमचा निल्या, घाटकोपरचा, त्याची मेलबर्नची. पूर्वी तिघंही अंधेरीला एकाच ऑफिसात होतो. आता अधूनमधून रविवारी घाटकोपरच्या उडप्याकडे भेटतो, आणि ज्याची जास्त लाज निघाली असेल त्याला शेवटचा मेदूवडा देतो.

*

वडा बहुतेक वेळा मनालीलाच मिळायचा. तिचं घर वन रूम किचन. किचनमधून बाथरूमला जायचं तर तिच्या खुर्चीमागूनच जावं लागतं. मनालीने स्क्रीनवर मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलेलं आणि सासूबाईंना सांगून ठेवलेलं, "मीटिंग असली की जरा वाकून जा हं, आई." त्या बिचाऱ्या वाकून जायच्या. पण अंबाडा तेवढा वर राहायचा!

एकदा साहेबाने विचारलं, "तुझ्याकडे मांजर आहे का?"

आता सासूचा अंबाडा आहे म्हणून कसं सांगणार? मनाली म्हणाली, "येस."

"नाव काय तिचं?"

तोंडात पहिलं आलं ते ती बोलून गेली. "सुलू." सासूबाईंचं नाव सुलोचना!

तेव्हापासून दर सोमवारी साहेब आस्थेने सुलूची चौकशी करायचा. जेवते ना नीट? वजन वाढलं का? मनालीला वाटलं, सासूबाईंना इंग्रजी कुठे कळतंय! मग एक दिवस त्या किचनच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मनाली, मीटिंग संपली का गं? मांजरीला बाथरूमला जायचंय."

सांगताना मनाली हसली खरी, पण त्या दिवशी तिने वडा काही खाल्ला नाही.

*

आता माझं. घरून काम करणारी बाई म्हणजे आमच्या सोसायटीच्या हिशेबाने रिकामी बाई. शेजाऱ्यांचा सिलिंडर, वरच्यांचं कुरियर, गच्चीची चावी, सगळं माझ्याकडे. "तू घरीच असतेस ना!" हे सेक्रेटरी काकांचं ठरलेलं वाक्य.

माझं अप्रेझल होतं. आयर्लंडच्या मॅडम समोर, मी ब्लाउजला इस्त्री करून बसलेली. तेवढ्यात काका प्लंबरला घेऊन थेट आत! खालच्यांच्या छताला गळती होती म्हणे. मी हातानेच "जा, जा" केलं, ते बाथरूममध्ये गेले. या गडबडीत म्यूटचं बटण दाबायचं राहिलं.

मॅडमनी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत कंपनीला तू काय दिलंस, असं तुला वाटतं?"

मी पाठ केलेलं उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि आतून प्लंबर ओरडला, "फ्लश मारतोय हां!"

मारला! टाकी पूर्ण भरेपर्यंत मॅडम शांतपणे थांबल्या. मग म्हणाल्या, "ओके. नेक्स्ट क्वेश्चन."

माझे कान संध्याकाळपर्यंत गरम होते. काका जाताना विचारून गेले, "तुझं काम नव्हतं ना चालू?"

*

निल्याचे बाबा मालवणकडचे, जुने गिरणी कामगार. मेलबर्नचा दिवस आपल्याकडे उजाडायच्या आधीच सुरू होतो. निल्या उठेपर्यंत बाबांनी त्याचा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवलेला असायचा. गिरणीत ते एकदाही बिनआंघोळीचे गेले नव्हते, मग मुलगा कसा जाईल?

निल्या एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, कॅमेरा बंद असतो यार! बनियनवर बसलो तरी साहेबाला दिसत नाही."

बाबा म्हणाले, "साहेबाक दिसना नाय म्हणान काय झाला? तुका दिसता मां?"

एवढंच नाही. ग्रेग, म्हणजे निल्याचा साहेब, बोलायला लागला की बाबा आपसूक उठून उभे राहायचे, हातात चहाचा कप असला तरी. निल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बसा हो बाबा, तो तिकडे अर्ध्या चड्डीत बसलाय!"

*

निल्यासाठी सांताक्रूझचं एक स्थळ आलं. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, पण मुलीचे मामा अडून बसले. "मुलाचं ऑफिस बघायचंय."

"ऑफिस मेलबर्नला आहे."

"मग हे जातात कसे?"

शेवटी मामा भल्या पहाटे ऑफिस बघायला निल्याच्या घरी! ऑफिस म्हणजे काय? आईचं शिवणयंत्र, त्यावर लॅपटॉप आणि मध्ये पडदा. मामांनी शिवणयंत्राखाली वाकून पाहिलं, मग पडदा उचलून पाहिला. त्या दिवशी नेमका कॅमेरा चालू होता, आणि निल्या थांबवेपर्यंत त्याच्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. "नमस्ते सर. आय गर्ल्स मामा. बॉय गुड?"

निल्या म्हणतो, त्या क्षणी त्याला शिवणयंत्राच्या खणात जाऊन लपावंसं वाटलं. पण ग्रेग खूश! "बेस्ट आय हॅव! याला मी कुठेही जाऊ देणार नाही!"

मामा बाबांकडे वळले. "ठरलं."

सुपारी फुटली. त्या रविवारी शेवटचा वडाच काय, अख्खी प्लेट निल्याला.

*

नंतरचा किस्सा सांगायला लाज वाटते, कारण त्यात आम्ही दोघीही आहोत.

एका सकाळी निल्याला कॉल आला. ग्रेग नव्हता. कधी न पाहिलेली एक मुलगी होती, छान हसून बोलली. कंपनी इंडियातली कामं बंद करतेय, तुमच्या योगदानाबद्दल आभार. निल्याचा चहा निवायच्या आत लॅपटॉप आपोआप लॉक झाला. आमच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "वाट लागली." पाठोपाठ दुसरा. "घरी सांगू नका. लग्न आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पलंगावर इस्त्रीचा शर्ट होताच. तो घालून तो पडद्यामागे जाऊन बसला. आता एवढ्याशा घरात पडद्यामागून आवाज आला नाही तर कळणारच ना? म्हणून तो काळ्या स्क्रीनशी बोलायला लागला. "गुड मॉर्निंग. येस, वर्किंग ऑन इट."

आणि आम्ही काय केलं? शहाणपणा! मनाली म्हणाली, "मध्येमध्ये हसत जा रे, मीटिंगमध्ये सारखे हसतात." मी म्हटलं, "ग्रेगचं नाव घे." असा तो आमच्या सल्ल्याने, दुसरी नोकरी शोधत, रोज ऑफिसला जायला लागला.

*

निल्यासाठी एका कंपनीत जागा असल्याचं मला कळलं होतं, म्हणून रजा काढून त्याच्या घरी गेले. दारातच बाबा स्टूल टाकून बसलेले. मला बघून उठले, हळूच म्हणाले, "ये गो. बस. वायच थांब, तेचा चालू आसा."

किचनमध्ये निल्याची आई पाट्यावर चटणी वाटत होती. मिक्सर फडक्याखाली झाकलेला. शेजारचं पोर रडायला लागलं तर बाबा जाऊन त्याला चॉकलेट देऊन आले. पडद्याआडून निल्याचा आवाज येत होता, एकदम झकास, आत्मविश्वासाचा. "शुअर, ग्रेग. आय विल शेअर इट टुडे." मग थोडं हसणं. मनालीने शिकवलेलं.

माझी मान वर होईना. मी नुसती लादीकडे बघत बसले.

तेवढ्यात जिन्यावरून खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतलेला केबलवाला आला.

"काका, तुमच्या मजल्याचं नेट काल सकाळपासून बंद आहे. वर वायर तुटलीय. आतला बॉक्स बघायचाय, दोन मिनिटं."

आतून आवाज आला, "येस, येस, आय कॅन हिअर यू."

केबलवाल्याने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

बाबा स्टुलावरून उठले, दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, मेल्या. आत मीटिंग चालू आसा."