हमरापूरवालीची वाटी

हमरापूरवाली काकी राग बोलून दाखवत नसे, वाढून दाखवत असे. अष्टमी गावातल्या आमच्या आळीत तिला सगळे माहेरच्या गावानेच ओळखत. माझ्या सासऱ्यांची ती विधवा भावजय. घरं शेजारी, मध्ये बांध आणि बांधावर तिच्या नवऱ्याने हौसेने लावलेला बिटकीचा आंबा. माझ्या डोहाळ्यांना त्याच्याच कैऱ्या होत्या.

एका वर्षी काकी गणपती रंगवायला माहेरी गेली आणि इकडे सासऱ्यांनी झाड तोडलं. पानं कौलांवर पडतात, एवढंच निमित्त. ती परतली तेव्हा अंगणात ओंडके पडले होते. चुलीला होतील, असं सासरे ओटीवरून म्हणाले. मी एकटी भेटले तेव्हा काकी म्हणाली, "जाळायचं नाय गो. जाळलं तर एका पावसात संपेल."

पेणच्या शेतकी प्रदर्शनात तिने ओंडक्यांवर वाढवलेली अळंबी पाहिली होती. तिने ओल्या ओंडक्यांना गिरमिटाने भोकं पाडली, त्यांत अळंबीचं बी ठासलं, वरून मेण लावलं आणि न्हाणीमागच्या सावलीत ते रचून ठेवले. एक वेळ देवाला फूल चुकेल, पण ओंडक्यांना पाणी चुकायचं नाही. पुढच्या पावसात त्यांवर पांढरे झुबके फुटले.

सासरे अळंबीवर जीव टाकत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कालवणाची वाटी लोक झाकून नेतात. काकी अळंबीची वाटी उघडी न्यायची, आमच्या ओटीसमोरून, जरा रमतगमत. आळीत घरोघर वाटी जाई, आमच्याकडे तेवढी नाही. त्या दिवशी सासरे सासूबाईंच्या आमटीला नावं ठेवत आणि मी पदराआड हसून घेई.

काही वर्षांनी सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा मात्र काकी वाटी घेऊन थेट आत आली. ओंडक्यांचा भुगा झालाय, ही शेवटचीच अळंबी, म्हणाली. सासऱ्यांचे डोळे भरले. माफी मिळाली असं त्यांना वाटलं असणार. दोन घास त्यांनी मिटक्या मारत खाल्ले. काकी निघाली आणि उंबऱ्यावर थांबली.

"वाटी रिकामी नको धाडू गो," ती मला म्हणाली, पण बघत होती त्यांच्याकडे. "बिटकीची एक कैरी घाल तिच्यात."

सासऱ्यांनी वाटी बाजूला सारली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आता दोघंही नाहीत. साखर घालून वाटी काकीच्या लेकीला देऊन टाक, असं नवरा दर गणपतीत म्हणतो. मी देत नाही. घासूनपुसून ती फळीवर ठेवली आहे, सासऱ्यांच्या फोटोखाली, रिकामी.