मिसर किती भाकरीचं?

आमच्या गावात वाट कोसात कुणी मोजत नसे, भाकरीत मोजत. कराडचा बाजार एका भाकरीच्या वाटेवर, विटा दोन भाकरींच्या. वाटेत जेवढ्या खाव्या लागतील तेवढं अंतर. त्यामुळे लढाई संपल्यावर आमचे मालक पलटणीतून रजेवर आले, तेव्हा सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच विचारलं, "मिसर किती भाकरीचं रं?"

"चार बी लागल्या न्हाईत, आई. इमानानं आलो. कैरोवरनं कराची दोन दिसांत. एक रात बसऱ्याला काढली, तेवढीच."

कराचीला एक यंत्र तातडीनं पोचवायचं होतं, त्याच्यासोबत यांना बसवलं होतं. पुढं कराचीहून घरी यायला मात्र आगगाडीनं त्याच्या दुप्पट दिवस खाल्ले, असं सांगून ते हसले. माझा नवरा आभाळातून आला होता! मला तर तेच आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी पुढच्या सोप्यात गाव जमलं. शेजारचे म्हातारे हवालदारही आले. पहिल्या लढाईत ते मिसरला जाऊन आलेले. त्यांनी रजेचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो कागद कराचीचा हाय. मिसरातनं यायला बोटीला पंधरा-पंधरा दिस लागत्यात. दोन दिसांत कोण येतंय? गड्या, तू कराचीतच बसलास आन् हितं मिसरच्या बाता मारतोस."

माणसं हसली. आमच्याकडं लढाईला गेलेल्या माणसाच्या घराला मान असतो. न जाता गेलो म्हणणाऱ्याच्या मात्र पोराबाळांनाही टोमणे पुरतात. पत्रांवर ठिकाण लिहायची बंदी होती, म्हणून तीही दाखवून उपयोग नव्हता. मी मुळात तापट, पण सासऱ्यांच्या वयाच्या माणसापुढं सुनेनं तोंड उघडायची सोय नव्हती. दाराआड नुसती दातओठ खात राहिले.

मग आठवलं. त्यांची पिशवी रिकामी करताना वाटेची उरलेली एक रोटी निघाली होती, बुरसटलेली. म्हशीच्या पाटीत टाकली होती. ती उचलून आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला, मोडून पाहिली आणि सोप्यात गेल्या.

"ही आठवड्याची हाय. आवं, जल्म गेला माझा भाकरी थापण्यात! बोटीनं आली असती तर हिचा भुगा झाला असता. आता कुठली हाय, ते तुमीच सांगा."

हवालदारांनी तुकडा हातात घेतला. खालून कोंडा लागलेली, आतून पिशवीसारखी पोकळ रोटी.

"मिसरचीच," ते हळूच म्हणाले. "लय खाल्ली हाय म्या."

मी पदर सावरून उंबऱ्यात येऊन उभी राहिले, सगळ्यांना दिसेल अशी. लाज कसली? बुरसटलेल्या रोटीचा एवढा ताठा जगात कुठल्या बाईला आला नसेल.

हवालदार मात्र उठेनात. "दोन दिस म्हंजे, आज निघालं की परवा?"

"व्हय, काका."

"माझी आय आजारी पडल्याची तार आली, तवा मी तितंच हुतो. बोट मिळून येस्तवर तिला जाऊन म्हैना झाला हुता." ते तुकड्याकडं पाहत राहिले. "दोन दिस असतं तर तिचं तोंड दिसलं असतं, गड्या."

मालक उठले आणि ज्यानं त्यांना भर सोप्यात खोटं पाडलं होतं, त्याच्या पाया पडले. त्या वेळी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो विमानात बसून आल्याचाही वाटला नव्हता.